‘फाइट’ झाली म्हणजे नक्की काय झालं?

आमच्या शेजारच्या काकू मूळच्या सांगलीच्या, पण गेली 25 वर्षं हैदराबादेत आहेत. सून कोचीची. एकीला मल्याळम येत नाही, दुसरीला मराठी, त्यामुळे सासू-सुनेचं सगळं बोलणं इंग्रजीत. काकूंचं इंग्रजी तसं चांगलं आहे. बँक, दवाखाना, सोसायटीची मीटिंग, कुठेही अडत नाही. अडलं ते घरातच.

दिवाळीला कोचीला जायचं की इथेच राहायचं, यावरून गेल्या वर्षी दोघींची वादावादी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंचा फोन आला, तेव्हा काकू सहज बोलून गेल्या, ‘देअर वॉज अ बिग फाइट इन अवर हाउस.’ संध्याकाळच्या विमानाने विहीणबाई दारात हजर! घरातली गोष्ट आईच्या कानावर घातली म्हणून सून दुखावली आणि मग मात्र खरोखरच तिने बोलणं टाकलं.

काकूंना एवढंच म्हणायचं होतं की आमचं भांडण झालं. आपल्याकडे नळावर होतं तेही भांडण आणि भावाभावांचं कोर्टात जातं तेही भांडण. इंग्रजीत ‘फाइट’ तोंडी भांडणालाही म्हणतात, पण त्यात हाणामारीचाही अर्थ आहे. त्याला ‘बिग’ जोडलं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच. नुसती बोलाचाली झाली असेल तर ‘आर्ग्युमेंट’ म्हणा. ‘वुई हॅड ॲन आर्ग्युमेंट अबाउट दिवाळी.’ आवाज चढला नसेल, फक्त मत जुळलं नसेल तर ‘डिसअ‍ॅग्रीमेंट’. आणि नवरा-बायकोत किंवा मैत्रिणींमध्ये चहा होईपर्यंत विसरली जाणारी कुरबुर म्हणजे ‘टिफ’.

‘फॉल आउट’ मात्र जपून वापरा. त्यात एका दिवसाचा वाद नसतो, संबंधच बिघडलेले असतात. ‘शी फेल आउट विथ हर ब्रदर ओव्हर द हाउस’ म्हणजे घरावरून तिचं भावाशी फाटलं. अबोला असेल तर ‘दे आर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स’.

आता आपला लाडका रुसवा. शब्दकोशात पाहाल तर ‘सल्क’ सापडेल. पण आपल्या रुसव्यात थोडा लाड असतो, कोणीतरी समजूत काढायला येईल अशी खात्री असते. ‘सल्क’मध्ये ते काही नाही. मोठ्या माणसाला ‘डोन्ट सल्क’ म्हणालात, तर तोंड फुगवून बसू नकोस असंच ऐकू जाईल. सुनेला तर मुळीच म्हणू नका. त्यापेक्षा ‘आर यू अपसेट विथ मी?’ असं विचारा.

इथे ‘विथ’ आहे, लक्षात आलं? मराठीत राग माणसावर येतो, म्हणून आपण सर्रास ‘ही इज अँग्री ऑन मी’ म्हणतो. इंग्रजीत ‘अँग्री विथ मी’. ओरडणं मात्र ‘शाउट ॲट’. आणि आपलं लग्न डॉक्टरशी झालं तरी इंग्रजीत ‘मॅरीड टू अ डॉक्टर’, ‘विथ’ नाही.

एक शब्द मला फार आवडतो, ‘ड्रिफ्ट अपार्ट’. दोर सुटलेली होडी जशी हळूहळू वाहत लांब जाते, तसं दोन माणसांचं होणं. कॉलेजातली जिवलग मैत्रीण, तिच्याशी भांडण नाही, तंटा नाही, पण फोन केल्याला चार वर्षं झालीत. ‘वुई ड्रिफ्टेड अपार्ट.’ यात कोणाकडेच दोष जात नाही. ऐन वेळी कोणी साथ सोडली असेल तर ते वेगळं. तिथे ‘शी लेट मी डाउन’ म्हणतात आणि त्यात दोष स्पष्ट असतो.

भांडण मिटलं तर ‘वुई मेड अप’. लिपस्टिक-पावडरशी याचा संबंध नाही. ‘आय विल मेक इट अप टू यू’ हे आणखी वेगळं. त्याचा अर्थ, झाल्या चुकीची मी भरपाई करेन.

माफी मागताना एक छोटा शब्द घात करतो, तो म्हणजे ‘इफ’. ‘सॉरी इफ यू फेल्ट बॅड’ म्हणजे तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी, पण वाटायला नको होतं! ही माफी समोरच्याला टोचते. आपण काय केलं ते सांगून मोकळं व्हावं.

काकूंनी तेच केलं. समोरासमोर जीभ वळेना, म्हणून स्वयंपाकघरातून शेजारच्या खोलीत मेसेज पाठवला: ‘आय ॲम सॉरी आय रेझ्ड माय व्हॉइस. आय शुडन्ट हॅव टोल्ड युअर मदर. आय डिडन्ट मीन टू हर्ट यू.’ पाठवण्याआधी मला दाखवला होता. मी एकही अक्षर बदललं नाही.

दहा मिनिटांनी सून स्वतःच ओट्यापाशी आली. ‘आय शाउटेड टू, आई,’ म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला घेतली. विहीणबाईंनी परतीचं तिकीट काढलंच नव्हतं. त्यांना चकलीची भाजणी शिकवण्यात काकूंचे पुढचे आठ दिवस गेले. अडचण एकच, पाहुण्यांशी ओळख करून देताना विहिणीला इंग्रजीत सुटसुटीत शब्दच नाही. काकू दर वेळी ‘माय सन्स मदर-इन-लॉ’ म्हणायच्या, आणि विहीणबाई हसून दुरुस्ती करायच्या, ‘फ्रेंड, फ्रेंड.’