जुन्या घड्याळाचा ऐब झाकू नका

आमचा धंदा कापडाचा, पण जुन्या चावीच्या घड्याळांचा आम्हांला नाद आहे. त्यातही वैमानिकांच्या घड्याळांचा. काळी डायल, ठळक पांढरे आकडे, अंधारात चमकणारे काटे. यांत क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेली घड्याळे सर्वांत महाग. १९५०च्या दशकात निघालेल्या ब्राइटलिंगच्या 'नेव्हीटायमर'वर वेग आणि इंधनाचा हिशेब करण्याची फिरती पट्टीही होती. ती आमच्या आवाक्याबाहेर. धनजसारख्या गावातला शौकीन एचएमटीच्या 'पायलट'वर समाधान मानतो. त्यात स्टॉपवॉच नाही, पण रूप तेच. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळांचा कारखाना काढला. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला आणि शौकिनांची मागणी वाढली.

मुंबईला माल भरायला गेलो असता आम्ही एक 'पायलट' घेतले. विकणारा म्हणाला, "चाचा, एकदम ओरिजिनल." कारंज्याच्या घड्याळजीने भिंग लावले. मशीन एचएमटीचेच, १७ ज्वेलचे. पण डायल नव्याने रंगवलेली. अक्षरे जाड, आकडे मिनिटांच्या रेघांशी न जुळणारे.

परदेशातले शौकीन अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हे कौतुकाचे नाव नव्हे! वास्तविक बंद पडलेले मशीन चालू करणे आणि हाताने बारीक डायल रंगवणे हे मोठे हुन्नर आहे. त्यात कारागिराची चूक नाही. चूक आहे ती 'ओरिजिनल' म्हणून विकणाऱ्याची. कटपीसला ताग्याचा भाव लावण्यासारखेच हे झाले. नफा एकाचा होतो, नाव मात्र सगळ्या बाजाराचे जाते. मग खरा माल घेऊन बसलेल्यालाही गिऱ्हाईक संशयाने पाहते.

काहीजण म्हणतात, स्वस्तात घेणाऱ्याने समजून घ्यावे. आम्हांला हे पटत नाही. मालाचा ऐब विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नव्हे. तो सांगणे विकणाऱ्याचेच काम.

यात तोटाही नाही. बिलावर 'डायल नवीन रंगवलेली' एवढे लिहावे. रोज वापरण्यासाठी घेणारा तरीही घेईल. घड्याळजी बांधवांनीही एक ध्यानात ठेवावे. जुने क्रोनोग्राफ दुरुस्तीला आले तर विचारल्याशिवाय डायल रंगवू नये, केस घासून चकचकीत करू नये. जाणकार डाग पडलेल्या मूळ डायलला रंगवलेल्या डायलपेक्षा जास्त भाव देतात. डायल बदललीच तर जुनी डायल पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यावी.

आमचे 'पायलट' आम्ही परत केले नाही. ते वेळ बरोबर दाखवते. दुकानात कोणी विचारले की डायल रंगवलेली आहे, हे आम्ही आधी सांगतो. विकणाऱ्याने एवढेच केले असते, तर आम्ही पुन्हा त्याच्याच दुकानी गेलो असतो.