नोंदीबाहेरचा घास

नोव्हेंबर उजाडला की बँकेत निवृत्तिवेतनधारकांची रांग लागे. हयातीच्या दाखल्यावर सही किंवा अंगठा घ्यायचा, एवढेच आम्हा अधिकाऱ्यांचे काम. वर्षानुवर्षे तीच माणसे समोर येत. सदरा तोच, आतला माणूस मात्र दरवर्षी थोडा कमी. विचारले तर, ‘वय झालं साहेब,’ एवढेच उत्तर. माणूस हयात आहे याची नोंद होई. तो झिजतो आहे हे लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

हे आठवले ते आमच्या गडमुडशिंगीतल्या एका घरामुळे. ऐंशी ओलांडलेल्या आजी पक्षाघातानंतर घरी आल्या त्या नाकातून पोटात घातलेली नळी घेऊनच. नळीतून डाळीचे पाणी कसे सोडायचे ते सुनेला दाखवले होते. काय, किती द्यायचे आणि नळी केव्हा काढायची, हे कोणी सांगितले नव्हते. एक दिवस ती मला म्हणाली, ‘काका, आत्तीस्नी आम्ही जगवालोय का छळालोय?’

या प्रश्नाला दोन पदर आहेत. पहिला हिशेबाचा. आजारी वृद्धाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे गणित डॉक्टरांनीच मांडायचे. डाळीच्या पाण्याने ही गरज भागत नाही. आणि सलाइनने ‘ताकद’ येते हा आपला लाडका समज. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर बाटलीत ५० ग्रॅम साखर असते. दोनशेच्या आत कॅलरी आणि प्रथिने शून्य! उलट, बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर भरवणेही घातक. रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरते आणि हृदय दगा देऊ शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या भुकेल्या कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे पाहिले. म्हणून आहारालाही औषधासारखी मात्रा हवी.

दुसरा पदर अधिक अवघड. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. त्यानंतर साडेएकेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात होत्या. नळी कायमची लागली ती २०१० मधल्या मलेरियानंतर. तोवर परिचारिका त्यांना मऊ केलेले अन्न हाताने भरवीत. त्यांचे अन्न थांबवावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. तो निकाल योग्य होता की नाही, यावर आजही वाद घालता येईल. मला मात्र त्या भरवणाऱ्या हातांचे मोल त्या वादाहून मोठे वाटते. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला मिळाला, आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली. आपल्याकडे जमिनीचे मृत्युपत्र होते. नळीविषयी मात्र घरात अवाक्षर निघत नाही.

मग सुनेला काय सांगायचे? नळी हा पूल असेल तर ती दयाच आहे. पक्षाघातानंतर अनेकांची गिळण्याची शक्ती काही आठवड्यांत परतते. पण ती तपासायला हवी. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात मात्र नळीने आयुष्य वाढते असा पुरावा नाही. तिथे उशाशी बसून, जमेल तेवढाच घास सावकाश भरवणे बरे. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ बहुतेक घरांत सुनेच्याच दिवसातून कापला जातो, हेही मान्य करू या.

मी तिला एवढेच म्हणालो, ‘आधी गिळणं तपासून घेऊ. पुढचं त्यावर ठरवू. आणि आजींना समजत असेल तर त्यांनाही विचारू.’

माझी मागणी मोठी नाही. दवाखान्यातून घरी पाठवताना हाती पडणाऱ्या कागदावर औषधांच्या खाली तीन ओळी असाव्यात : रुग्णाचे वजन, रोजचा आहार, आणि नळी असेल तर ती का व केव्हापर्यंत. बँकेच्या त्या दाखल्यावर जो रकाना नव्हता, तो निदान या कागदावर तरी असावा.