कात्रण नको, अंक ठेवा

मंडळी, आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, म्हणजे सामान कमी करणं आलंच. माळ्यावरून भांडी उतरली, ट्रंका उतरल्या आणि शेवटी उतरले माझ्या जुन्या साप्ताहिकांचे अकरा गठ्ठे. सूनबाई समजूतदार आहे. "रद्दीत घाला" असं म्हणाली नाही. "आई, यातलं खरंच काय हवंय ते एकदा बघून ठेवा ना," एवढंच म्हणाली. तेव्हा गुडघ्यांना न विचारता आठवडाभर जमिनीवर बसून अंक चाळले.

'साधना' आहे, माजगावकरांचा 'माणूस' आहे, बेहेऱ्यांचा 'सोबत' आहे, 'मार्मिक' आहे. १९९३ साली बंद पडलेल्या 'इलस्ट्रेटेड वीकली'चेही थोडे अंक आहेत. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे वीकली शेजारी शब्दकोश ठेवून वाचायची! निम्मे अंक वर्गणीचे, निम्मे शाळेजवळच्या रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेले.

आधी माझा गुन्हा कबूल करते. शाळेच्या फलकासाठी मी वर्षानुवर्षं कात्रणं कापली. महत्त्वाचं तेवढं कापायचं, बाकीचं टाकायचं. आज त्या कात्रणांची फाईल उघडली तर काय दिसतं? नेत्यांची भाषणं, उद्घाटनं, योजनांच्या घोषणा. म्हणजे जे कुठल्याही ग्रंथालयात सापडेल तेच. आणि कात्रण उलटं केलं की मागे एचएमटीच्या घड्याळाची अर्धी जाहिरात, वाचकाच्या पत्राच्या चार तुटक ओळी. त्या पत्रात रॉकेलच्या रांगेबद्दल काहीतरी लिहिलेलं आहे. पुढचं मीच कापून टाकलंय. आता ते वाचायला मन तडफडतं.

म्हणून माझं पहिलं मत असं, की जुनं नियतकालिक ठेवायचं तर अख्खं ठेवावं. १९७२च्या दुष्काळातला अंक घ्या. एका पानावर खडी फोडणाऱ्या बायकांचा फोटो, शेजारच्या पानावर साड्यांची जाहिरात. दोन्ही एकाच आठवड्यातलं आणि दोन्ही खरं. मिलोच्या लाल भाकरीची चव ज्यांनी घेतली आणि ज्यांनी नाही घेतली, ते एकाच राज्यात राहत होते हे त्या दोन पानांतून जसं कळतं, तसं मला इतिहासाच्या पुस्तकातून शिकवता आलं नाही.

दुसरी गोष्ट अशी. इतिहासाच्या पुस्तकाला शेवट माहीत असतो, अंकाला नसतो. आणीबाणी २५ जून १९७५च्या रात्री आली आणि २१ मार्च १९७७ला उठली, असं मी मुलांना एका वाक्यात सांगत असे. पण १९७५च्या दिवाळीत ती एकवीस महिन्यांनी उठणार हे कोणाला ठाऊक होतं? १८ जानेवारी १९७७ला निवडणुका जाहीर झाल्या. त्यानंतरचे अंक वाचताना गंमत वाटते, कारण मोठमोठे जाणकार चाचपडत लिहिताहेत. इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत हरतील, असं छातीठोकपणे लिहिणारा माझ्या गठ्ठ्यांत तरी एकही सापडला नाही. आजच्या जाणकारांचं ऐकताना मला हे आठवलं की बरं वाटतं.

आता जे सांगण्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

२०२५ साली आणीबाणीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा नातवाने विचारलं होतं, "आजी, तू तेव्हा काय केलंस?" मी ऐटीत म्हटलं, "अरे, आम्ही सगळे विरोधातच होतो. कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवत उभ्या राहिल्या, ते आमचेच दिवस." मी खोटं बोलत नव्हते. मला तसंच आठवत होतं.

आणि परवा ऑगस्ट १९७५चा एक अंक हाती आला. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यात वीस कलमी कार्यक्रमाचं कौतुक, गाड्या वेळेवर धावतात, कचेऱ्यांत माणसं वेळेवर येतात वगैरे. आणि समासात, निळ्या शाईत, माझं अक्षर. "उत्तम! ही शिस्त हवीच होती."

चोवीस वर्षांची होते. नोकरीला एक वर्ष झालं होतं. तिकडे येरवड्याच्या तुरुंगात मिसाखाली माणसं डांबलेली होती आणि इकडे मी शाईने दाद देत होते. विरोध मनात आला तो पुढे, बहुधा कऱ्हाडनंतर. पण आठवणीने तो मागे सरकवून पहिल्या दिवसापासूनचा करून टाकला. माणसाची आठवण अशी लबाड असते.

कोणी म्हणेल, तेव्हा अंकांवरही सेन्सॉरची कात्री होती, मग त्यांचा भरवसा काय? बरोबर आहे. अंक म्हणजे सत्य नव्हे. लोकांना काय वाचू दिलं गेलं आणि त्यावर आम्ही किती सहज मान डोलावली, एवढं मात्र तो अचूक सांगतो. हेही थोडं नाही. कोणी असंही म्हणेल, की 'साधना'चे जुने अंक आता संगणकावर वाचता येतात, मग हा पसारा कशाला? त्यांचंही खरं आहे. जे तिथे आहे त्याच्यासाठी मी सुनेची खोली अडवणार नाही. पण तालुक्याची छोटी साप्ताहिकं, बंद पडलेली पाक्षिकं सहसा कुठे मिळत नाहीत. आणि समासातलं माझं अक्षर तर कुठेच मिळणार नाही.

तर ठरलं असं. दहा गठ्ठे चाळून, यादी करून, ज्या ग्रंथालयाला हवेत त्याला द्यायचे. कोणी घेईपर्यंत रद्दीवाल्याला हात लावू द्यायचा नाही. एक गठ्ठा माझ्याबरोबर भाड्याच्या घरी येईल.

ऑगस्ट १९७५चा तो अंक नातवाला दाखवला. त्याने समास वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आजी, हे फाडून टाकलं असतंस तर मला कळलंही नसतं."

म्हणूनच फाडला नाही रे बाबा.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा गठ्ठा असेल. टाकण्याआधी एकदा समास तेवढे बघा. आपण कोण होतो ते कधीकधी तिथे लिहिलेलं असतं.