सुपर युजर आणि बी.कॉम.चा विद्यार्थी

हैदराबादेत काचीगुडा स्थानकाच्या रस्त्यावर बद्रुका वाणिज्य महाविद्यालय आहे. मराठवाड्याकडून येणाऱ्या गाड्यांमुळे या परिसराशी मराठी माणसाचे नाते जुने. वाणिज्य शाखेत ‘बी.कॉम. संगणक’ ही पदवी तेथे आणि देशात इतरत्रही आता रुळली आहे. नाव ऐकून हिशेब आणि संगणक यांची सांगड घातली गेली असावी, असे वाटते. बहुतेक अभ्यासक्रमांत मात्र एका तासाला जमाखर्च, दुसऱ्या तासाला डेटाबेस, असा नुसता शेजार असतो.

या दोन विषयांमधील मोकळ्या जागेत काय घडू शकते, हे याच शहराने पाहिले आहे. ७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम कॉम्प्युटर’चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ताळेबंद फुगवल्याची कबुली दिली. पुढे तपासात ७,५६१ बोगस बिले सापडली. रक्कम पाच हजार कोटी रुपयांहून अधिक. ती कागदावर खाडाखोड करून रचलेली नव्हती. बिलांच्या संगणक प्रणालीत ‘सुपर युजर’ या विशेष अधिकाराने शिरून ती तयार केली गेली आणि संबंधित विभागप्रमुखांना दिसू नयेत अशी खूण त्यांना लावली गेली. विक्रीच्या आकड्यात ती होती. ज्यांनी ती ओळखली असती त्यांच्या पडद्यावर मात्र नव्हती. संगणकतज्ज्ञाला ती एका रकान्यातील साधी नोंद वाटली असती. लेखापालापर्यंत तो रकाना पोहोचतच नव्हता.

सरकारने यावर उपाय योजला, तोही उशिराच. दोनदा लांबणीवर पडलेला नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. आता प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदीतील बदलांचा माग राहिलाच पाहिजे, आणि ही सोय बंद करता येता कामा नये. ती वर्षभर चालू होती काय, तिच्यात ढवळाढवळ झाली काय, याची ग्वाही लेखापरीक्षकाने अहवालात द्यायची आहे. पहिल्याच वर्षी अनेक मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत एक शेरा आढळला: डेटाबेसमध्ये थेट केलेल्या बदलांचा माग ठेवला गेलेला नाही. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप, मागचे दार मोकळे. ‘सत्यम’मधील सुपर युजर असाच नेहमीच्या वाटेबाहेरून शिरला होता.

हा शेरा लिहिण्यासाठी मागचे दार असते हे आधी ठाऊक हवे. येथे सनदी लेखापालांच्या शिक्षणाची दिशा चक्रावून टाकते. त्यांच्या अंतिम परीक्षेत पूर्वी माहिती प्रणालींचे नियंत्रण आणि लेखापरीक्षण हा स्वतंत्र पेपर होता. २०१७ च्या योजनेत तो गेला आणि विषयाचा काही भाग मधल्या परीक्षेत आला; २०२३ च्या योजनेत तेथूनही स्वतंत्र पेपर म्हणून तो हटला. संगणक प्रशिक्षणाचे वर्ग आहेत, पात्रतेनंतरचा माहिती प्रणाली लेखापरीक्षणाचा अभ्यासक्रमही आहे. पण तो ऐच्छिक. कायद्याने जबाबदारी वाढवली त्याच सुमारास अभ्यासक्रमाने ती कडेला सारावी, हा योगायोग बरा नव्हे.

हा प्रश्न केवळ हैदराबादचा नाही. नियम एकच असल्याने पणजी-मडगावच्या छोट्या खाजगी कंपनीलाही तो लागू आहे, आणि तिच्या लेखापरीक्षकाला बहुधा स्वतंत्र संगणकतज्ज्ञ परवडत नाही. ती उणीव त्याच्या कार्यालयात रुजू होणारा बी.कॉम. पदवीधरच भरून काढू शकतो. बिल कोणी, केव्हा, कोणत्या अधिकाराने नोंदवले, हे डेटाबेसला थेट विचारता येणे एवढीच सुरुवातीची पात्रता. त्यासाठी लागणारे डेटाबेस सॉफ्टवेअर फुकट मिळते. शंभर बिलांत दहा खोटी दडवून ती विद्यार्थ्याला शोधायला लावणे, हे प्रात्यक्षिक कोणत्याही महाविद्यालयाला येत्या सत्रापासून घेता येईल. फक्त ते तपासायला वाणिज्य आणि संगणक या दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांना एका टेबलाशी बसावे लागेल.