शालेय सहली, क्रीडांगण आणि मुलींचा न्याय्य वाटा

दिवाळीची सुट्टी संपून शाळांचे दुसरे सत्र सुरू झाले की सहली, क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलने यांचा हंगाम सुरू होतो. दहावीच्या निकालात मुलींचे उत्तीर्णतेचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक असल्याची बातमी आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत आणि तिचा अभिमानही बाळगत आलो आहोत. परंतु शाळा म्हणजे केवळ वर्ग आणि गुणपत्रिका नव्हे. वर्गाबाहेर, म्हणजे मैदानावर, सहलीच्या बसमध्ये, व्यासपीठावर आणि छात्रसेनेच्या पथकात मुलींच्या वाट्याला नेमके काय येते, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. धर्मप्रांतांच्या व धर्मभगिनींच्या संस्थांकडे महाराष्ट्रात मोठ्या संख्येने शाळा असल्यामुळे हा हिशेब मांडण्याची जबाबदारी आपल्यावरही येते.

प्रथम सहलीचा विचार करू. रायगड, शिवनेरी, वेरूळची लेणी, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र ही आपल्या शाळांची नित्याची ठिकाणे. एक दिवसाच्या सहलीत मुलामुलींची संख्या साधारण सारखी असते. मुक्काम आला की मुलींची नावे गळू लागतात. याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. वडिलांची संमती मिळत नाही. घरात भाऊ व बहीण दोघेही शाळेत असतील आणि एकाचेच शुल्क भरणे शक्य असेल, तर बहुधा ते मुलाचे भरले जाते. मुलींसोबत शिक्षिका असलीच पाहिजे हा दंडक सर्वस्वी रास्त आहे. परंतु लहान मुले घरी असलेल्या शिक्षिकेला दोन रात्री बाहेर राहणे कठीण जाते आणि मग मुलींची सहलच रद्द होते. म्हणजे मुलींच्या रक्षणासाठी केलेला नियम मुलींच्याच अंगावर येतो. नियमात दोष नाही. तो पाळण्यासाठी लागणारी तजवीज करण्याचे कष्ट संस्था घेत नाही, ही खरी उणीव आहे. दोन शिक्षिकांचा मोबदला, पालकसंघातील एखाद्या मातेची सोबत, मुक्कामासाठी एखादे कॉन्व्हेंट अथवा धर्मग्रामाचे सभागृह, एवढी व्यवस्था आपल्या संस्थांच्या आवाक्याबाहेरची नाही. किंबहुना ठिकठिकाणी धर्मभगिनींची निवासस्थाने असलेल्या आपल्या संस्थांना ही सोय इतरांपेक्षा अधिक सुलभ आहे.

पालकांची भीती निराधार आहे, असे कोणी म्हणणार नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात नाव उलटून सहलीस आलेली १२ शाळकरी मुले व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. मात्र या दोन्ही दुर्घटनांत पाण्याने मुलगा आणि मुलगी असा भेद केला नाही. पाण्याजवळ जाण्याचे नियम, जीवरक्षक जाकिटे, बोटीची क्षमता, सोबतच्या शिक्षकांची संख्या या सर्व गोष्टी दोघांच्याही जिवासाठी तितक्याच आवश्यक आहेत. मुलीला घरी ठेवल्याने सहल सुरक्षित होत नाही. तिच्या भावासाठी ती तितकीच धोक्याची राहते.

लैंगिक अत्याचाराच्या भीतीविषयीही हेच म्हणावे लागेल. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील घटनेने महाराष्ट्र हादरला. त्या दोन चिमुकल्या कोणत्याही सहलीला गेल्या नव्हत्या. त्या आपल्या शाळेतच होत्या. २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक बालकाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, संरक्षण देतो, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. मुलांच्या मुक्कामी सहलीत ‘हे तर मुलगे आहेत’ असे म्हणून जी शिथिलता दाखवली जाते, तिच्याकडे कोणी अन्याय म्हणून पाहत नाही. पण तो अन्यायच आहे, आणि या वेळी तो मुलग्यांवरचा आहे.

राज्य शासनाने १० मार्च २०२२ च्या निर्णयानुसार प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री’ समिती स्थापन करावयास सांगितले. मुलींची पटनोंदणी व उपस्थिती, बालविवाहास प्रतिबंध, शाळेतील निकोप व समतेचे वातावरण ही तिची कामे. बदलापूरच्या घटनेनंतर या समितीची सर्वांना नव्याने आठवण करून द्यावी लागली, यावरून ती कित्येक ठिकाणी कागदावरच राहिली असावी, हे उघड आहे. सहलीला मुली किती निघाल्या आणि किती गळाल्या, हा विषय या समितीपुढे यावयास कोणतीच अडचण नाही.

आता ज्या विषयाची चर्चा आपल्या सभांमधून संकोचामुळे टाळली जाते, त्याकडे वळू. मासिक पाळीच्या दिवसांत मुलगी सहलीला येत नाही, मैदानावर उतरत नाही, पुष्कळदा शाळेतही येत नाही. यामागे केवळ शारीरिक त्रास नसतो. बस कोठे थांबेल, तेथे स्वच्छतागृह असेल काय, पाणी असेल काय, हे तिला ठाऊक नसते आणि पुरुष शिक्षकाला विचारण्याचे धैर्य नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे बंधनकारक केली आहेत. तरीही २०१८ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील ६६.४ टक्के शाळांतच मुलींचे स्वच्छतागृह वापरण्यायोग्य स्थितीत आढळले. २०१० च्या तुलनेत हे प्रमाण दुप्पट होते, ही समाधानाची बाब. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की दर तीन शाळांपैकी एकीत ते नव्हते. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अस्मिता योजना सुरू करून शाळकरी मुलींना अल्प दरात सॅनिटरी नॅपकिन देऊ केले. साधन मिळाले तरी दृष्टी बदलतेच असे नाही. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथील एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींची कपडे उतरवून तपासणी करण्यात आली आणि मुख्याध्यापिकेस अटक झाली. हे कृत्य करणाऱ्या व्यक्तीही स्त्रियाच होत्या. शिक्षिका नेमल्या की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी या घटनेचा जरूर विचार करावा.

क्रीडांगणावरील विषमता अधिक सूक्ष्म आहे. शारीरिक शिक्षणाच्या तासाला मधले मैदान मुलग्यांच्या क्रिकेटला आणि कडेची सावली मुलींच्या दोरीउड्यांना, ही वाटणी कोणी जाहीर केलेली नसते; ती आपोआप होते व वर्षानुवर्षे टिकते. मुंबईच्या शालेय क्रिकेटची कीर्ती ज्या हॅरिस व जाइल्स ढालींच्या स्पर्धांनी वाढवली, त्या शतकाहून अधिक जुन्या स्पर्धा मुलांच्या. १९८८ साली हॅरिस ढालीच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी रचलेली ६६४ धावांची भागीदारी सर्वांना पाठ आहे. तिच्या तोडीची मुलींच्या शालेय क्रिकेटमधील एखादी आठवण कोणाला सांगता येईल काय?

ग्रामीण भागात तर प्रश्न बसच्या वेळापत्रकाचा आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजनेखाली खेड्यातील पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास मोफत आहे. ही योजना नसती तर असंख्य मुलींचे शिक्षण सातवीलाच थांबले असते. परंतु शाळा सुटल्यावर तासभर खो-खोचा सराव ठेवला की मुलीची गाडी चुकते आणि पुढची गाडी अंधार पडल्यावर असते, किंवा नसतेच. मुलगा सायकलीवर अथवा कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून घरी पोहोचतो. संघनिवडीच्या दिवशी प्रशिक्षक प्रामाणिकपणे सांगतात की मुली सरावाला येत नाहीत. सराव शाळा भरण्यापूर्वी किंवा मधल्या तासांना ठेवला असता तर त्या आल्या असत्या, हे कोणी तपासून पाहत नाही. येथे कोणाचाही हेतू दुष्ट नाही. वेळापत्रक करणाऱ्याच्या मनात मुलगी नव्हती, एवढेच.

आणि तरीही संधी मिळते तेव्हा काय घडते, ते २०२५ या वर्षाने दाखवून दिले. १९ जानेवारीला दिल्ली येथे पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय महिला संघ विजयी झाला. त्याचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिने केले. ३० मे रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ युवतींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांच्यासाठी हे दार सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने उघडले होते. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून भारतीय महिलांनी एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्याआधी तीन दिवस, त्याच मैदानावर, ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करणारी वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज आपल्या ख्रिस्ती घराघरांत कौतुकाचा विषय झाली. सामन्यानंतर तिने प्रभू येशूचे जाहीर आभार मानले, हेही आपण आवर्जून सांगतो. मात्र तिच्या जीवनकथेतील एक गोष्ट आपण सांगत नाही. तिला तिच्या घराने घडवले. वडील स्वतः प्रशिक्षक, खेळायला थोरले भाऊ, हॉकी आणि क्रिकेट दोन्हींत राज्य पातळीपर्यंत जाण्यास घरचा पाठिंबा. असे घर किती मुलींना लाभते? ज्या मुलीच्या घरी असे वडील नाहीत, तिच्यासाठी शाळा हा एकमेव आधार असतो, आणि तेथेही तिच्या वाट्याला मैदानाची कड येत असेल तर जेमिमाच्या नावाने वाजवलेल्या टाळ्यांना फारसा अर्थ उरत नाही.

ख्रिस्तसभेची याविषयीची भूमिका आज जशी आहे तशी ती सदैव नव्हती, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. पोप पायस अकरावे यांनी ३१ डिसेंबर १९२९ च्या शिक्षणविषयक परिपत्रकात सहशिक्षणाचा निषेध केला होता आणि मुलींच्या शारीरिक कसरतींच्या जाहीर प्रदर्शनाविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली होती. पुढे १९६५ साली द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने आधुनिक जगासंबंधीच्या आपल्या दस्तऐवजात लिंगावर आधारलेला भेदभाव हा देवाच्या योजनेशी विसंगत असल्याने तो दूर केला पाहिजे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्याच वर्षीच्या शिक्षणविषयक घोषणापत्रात मात्र शिक्षकांनी स्त्री व पुरुष यांच्या भिन्न भूमिका ध्यानात घ्याव्यात, असाही उल्लेख आहे. या दोन विधानांतील ताण खरा आहे; तो दडवून ठेवण्याचे कारण नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात (परिच्छेद २८६) तो बराचसा सोडवला. स्त्रीत्व व पुरुषत्व यांच्या ताठर चौकटी मुलांच्या क्षमतांचा विकास खुंटवू शकतात. नृत्य वा कला पुरुषाला शोभत नाही आणि नेतृत्व स्त्रीला शोभत नाही, असे मुलांना वाटू लागते, असे त्यांनी तेथे बजावले आहे. हे लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर एखाद्या शाळेचे स्नेहसंमेलनच असावे असे वाटते! आपल्या देशात भारतीय बिशप्स परिषदेने २००८ साली जमशेदपूरच्या अधिवेशनात स्त्रियांच्या सक्षमीकरणावर विचारमंथन केले व २०१० मध्ये लिंगसमभावाचे स्वतंत्र धोरण प्रसिद्ध केले. वेदीसेवेची वाट मुलींना १९९४ सालीच मोकळी झाली होती. २०२१ मध्ये वाचक व वेदीसेवक या सेवापदांवर स्त्रियांची रीतसर नेमणूक करण्यासही मान्यता मिळाली. रविवारी वेदीजवळ उभी राहणारी मुलगी सोमवारी शाळेच्या व्यासपीठावर केवळ पुष्पगुच्छांचे तबक धरून उभी असेल, तर विसंगती कोठे आहे ते सांगावयास नको.

स्नेहसंमेलनाचा उल्लेख आलाच आहे, तर कामांच्या वाटणीकडेही पाहावे. स्वागतगीत, ओवाळणी, रांगोळी, अल्पोपाहार हे मुलींकडे. बाके उचलणे, मंडप, ध्वनिक्षेपक आणि बहुधा सूत्रसंचालनही मुलग्यांकडे. बेथानीतील घरात मार्था पाहुणचारात गढून गेली असताना प्रभूने तिची बहीण मरिया हिला स्वयंपाकघरात परत धाडले नाही, हे लूककृत शुभवर्तमानातून आपण दरवर्षी ऐकतो. त्याच शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची यरुशलेमयात्रा आहे. वर्षातून तीन वेळा मंदिरात हजर राहण्याचे नियमशास्त्राचे बंधन पुरुषांवर होते. तरीही पवित्र मरिया त्या प्रवासाला दरवर्षी जात असे.

येथे कन्याशाळांबद्दल थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण हल्ली त्यांना कालबाह्य म्हणण्याची पद्धत पडली आहे. धर्मभगिनींच्या कन्याशाळांत बँडचा ढोल मुलगीच वाजवत असे, शिडीवर मुलगीच चढत असे, क्रीडादिनी ध्वज घेऊन पुढे चालणारीही मुलगीच असे. दुसरे कोणी नव्हतेच. पटसंख्या घटल्याने वा व्यवस्थापनाच्या सोयीसाठी अशा शाळा सहशिक्षणाकडे वळल्या, की ही सारी कामे हळूहळू मुलग्यांकडे सरकण्याचा धोका असतो. म्हणून सहशिक्षण म्हणजेच समता, हे समीकरण प्रस्तुत लेखकाला पटत नाही. एकत्र बसवणे सोपे आहे. एकत्र बसल्यानंतर कर्णधारपद, बसमधील पुढची जागा, सहलीच्या नियोजन समितीतील स्थान यांची वाटणी जाणीवपूर्वक करावी लागते. आणि मुलग्यालाही गाण्याच्या चमूत, स्वयंपाकाच्या तुकडीत, आजारी सोबत्याजवळ थांबण्याच्या कामात घ्यावे लागते. त्याला त्या कामांतून वगळणे हा त्याचा सन्मान नसून त्याचे नुकसान आहे.

यांतील बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. सहलीच्या संमतिपत्रात ‘येणार नाही’ असे कळवणाऱ्या पालकांना कारण लिहावयास एक ओळ ठेवावी. ती पत्रे फाइलीत न टाकता मुख्याध्यापकांनी वर्गवार वाचावीत. बस कोठे थांबेल, तेथे स्वच्छतागृहाची सोय कशी आहे, रात्री मुलींच्या खोलीजवळ कोण असेल आणि मुलग्यांच्या खोलीजवळ कोण, हे पालकसभेत आधीच सांगितले तर निम्मा विरोध तेथेच मावळेल. सरावाची वेळ ठरवताना एसटीच्या गाड्यांचे वेळापत्रक शिक्षककक्षाच्या भिंतीवर असावे. डिसेंबरच्या सहलींचे अर्ज बहुतेक शाळांत दिवाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात भरले जातात. ‘सखी सावित्री’ समितीची बैठक त्याच पंधरवड्यात घेता येईल.