मिक्स कुणाचा?

गणपती जवळ आले की गारगोटीच्या टपऱ्यांवर राजकारण मागे पडतं. विनानावाचा एखादा रिमिक्स फिरू लागतो आणि नुसत्या ठोक्यावरून पोरं पैज लावतात: हा कोल्हापूरचा! छे, निपाणीचा! करणारा गप्प असतो, कारण मूळ गाण्याचे हक्क कंपनीकडे. नाव टाकलं तर नोटीस दारात.

पण गुपित राखावं ते भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांनी. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’. साठच्या दशकातल्या या चारही चित्रपटांना संगीत आनंदघन यांचं. हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. ‘साधी माणसं’ला (1965) राज्य पुरस्कार मिळाला, आनंदघन यांचं नाव पुकारलं गेलं, तरी लताबाई जागेवरच बसून राहिल्या, आणि शेवटी मंचावरूनच गुपित फुटलं, असं सांगतात. आपल्याच आवाजाला दुसऱ्याच्या नावानं चाली द्यायच्या, म्हणजे कमालच!

आमच्या मते आपलं नाव झाकणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. दुसऱ्याचं गिळणं मात्र वेगळं. याच लताबाईंनी रिमिक्सवर उघड नाराजी व्यक्त केली होती. 2002 मध्ये ‘काँटा लगा’चा रिमिक्स गाजला, तेव्हा व्हिडिओतल्या शेफाली जरीवाला घरोघरी पोचल्या. मूळ गाणं 1972 च्या ‘समाधि’तलं, लताबाईंनी गायलेलं. चाल कुणाची, ते टपरीवर विचारून बघा. आर. डी. बर्मन यांची.