गुन्हा पुण्यात, अटक दिल्लीत

१. दुसऱ्या राज्यात पळालेल्या आरोपीचा ताबा तिथल्या सरकारकडे मागावा लागतो, असा समज अजूनही आढळतो. तसं काही नसतं. १९६२चा प्रत्यार्पण कायदा परदेशांसाठी आहे. देशात भंडाऱ्याच्या कोर्टाने काढलेलं वॉरंट भटिंड्यातही बजावता येतं. संस्थानी काळात मात्र ही भानगड होती. कोल्हापूर संस्थानात गुन्हा करून कोणी शेजारच्या ब्रिटिश मुलखात शिरला, तर १९०३च्या कायद्याप्रमाणे पोलिटिकल एजंटच्या वॉरंटवर त्याला परत आणत. संस्थानं गेली, ती वाटही गेली.

२. ते बरंच झालं. अमेरिकेत आजही एका राज्याच्या गव्हर्नरने दुसऱ्याकडे आरोपी मागायचा असतो. एका गुलाम स्त्रीला पळून जायला मदत केल्याबद्दल केंटकीला ओहायोकडून एक माणूस हवा होता. ओहायोच्या गव्हर्नरने तो दिला नाही, आणि त्याच्यावर सक्ती करता येत नाही, असं १८६१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. हा निकाल फिरायला १९८७ साल उजाडलं. त्या प्रकरणात नकार देणाराच न्यायाच्या बाजूने होता, हे खरं. पण आपल्या मुख्यमंत्र्यांच्या हाती असा नकार दिला, तर फुटलेले आमदार ज्या रिसॉर्टमध्ये ठेवतात तिथे आरोपींसाठीही खोल्या राखून ठेवाव्या लागतील.

३. सरकार मध्ये नाही, म्हणजे आरोपी आणि परराज्यातले पोलीस यांच्यामध्ये उरतो तो अटकेच्या ठिकाणचा दंडाधिकारी. त्याने तिथे नुसती सही करू नये, प्रश्न विचारावेत, एवढंच माझं म्हणणं. कायद्याने त्याला जागा दिलेली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ८० ते ८३ पाहा (जुन्या संहितेत ७८ ते ८१). वॉरंट टपालाने तिथल्या पोलीस अधीक्षकाकडे पाठवता येतं. आपले पोलीस ते घेऊन गेले, तर आधी त्यावर स्थानिक ठाणे अंमलदाराचा किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा शेरा घ्यायचा. तेवढ्यात आरोपी निसटेल अशी भीती असेल, तरच शेऱ्याविना अटक. वॉरंट काढणारं कोर्ट ३० किलोमीटरच्या आत नसेल, तर साधारणपणे त्याला तिथल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे किंवा वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे उभं करायचं. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे आपल्याकडे बहुधा तहसीलदार. सातबारा आणि टंचाई आराखड्यातून मान वर काढून त्याने वॉरंटातला माणूस खरंच हाच का, ते पाहायचं असतं.

४. इथेच एक तरतूद आहे, ती फारच थोड्यांना ठाऊक असते. समजा, कोलकात्याच्या कोर्टात चेक बाउन्सची केस आहे आणि आरोपी इचलकरंजीचा सूतव्यापारी. गुन्हा जामीनपात्र आहे. व्यापारी जामीन द्यायला तयार असेल तर तो इथेच घ्यायचा आणि मुचलका कोलकात्याला धाडायचा. दोन हवालदारांच्या मध्ये बसवून त्याला हावड्यापर्यंत नेण्याचं कारणच नाही. गुन्हा अजामीनपात्र असला, तरी अटकेच्या जिल्ह्यातला मुख्य न्यायदंडाधिकारी किंवा सत्र न्यायाधीश जामीन देऊ शकतो.

५. तो द्यायचा की नाही, हे ठरवायला कागद हवेत. म्हणून वॉरंटासोबत आरोपाचा सारांश आणि पुरेशी कागदपत्रं पाठवावीत, असं संहिता सांगते. वॉरंटाविना अटक झाली तर हा आधारही नाही. तिथे ट्रान्झिट रिमांडवर, म्हणजे आरोपीला परराज्यात नेण्याच्या स्थानिक दंडाधिकाऱ्याच्या परवानगीवर, सगळा भार पडतो, आणि तो मागताना काय होऊ शकतं याचा सर्वांत बोलका नमुना आपल्या पुण्याचाच आहे. २८ ऑगस्ट २०१८ रोजी पुणे पोलिसांनी एल्गार परिषद प्रकरणात गौतम नवलखा यांना दिल्लीत अटक केली. विश्रामबाग ठाण्यातली फिर्याद मराठीत, बाकीचे बहुतेक कागदही मराठीत. साकेतच्या दंडाधिकाऱ्यांनी त्यावर रिमांड दिला. जे कागद वाचता येत नाहीत ते पाहून समाधान कसं झालं, हा दिल्ली उच्च न्यायालयापुढचा कळीचा प्रश्न होता. १ ऑक्टोबरला न्या. मुरलीधर आणि न्या. गोयल यांनी तो आदेश रद्द केला. खटला त्याने संपला नाही. एप्रिल २०२० मध्ये नवलखा यांना शरण यावंच लागलं. आरोप खरा की खोटा हा प्रश्न तेव्हा नव्हताच. मराठीचा अभिमान ठीक. पण परराज्यात रिमांड मागायला जाताना फिर्यादीचं भाषांतर बरोबर नेणं हे पोलिसांचं काम आहे.

६. दंडाधिकाऱ्याला वगळलं की राजकारण शिरतं. ६ मे २०२२ रोजी पंजाब पोलिसांनी भाजपचे तजिंदर बग्गा यांना दिल्लीतल्या घरातून उचललं. दिल्ली पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा नोंदवला, हरियाणा पोलिसांनी कुरुक्षेत्राजवळ गाड्या अडवल्या आणि बग्गा संध्याकाळी दिल्लीत परत. त्या दिवशी तीन पोलीस दलं तीन सरकारांची होती. २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणात पाटण्याहून तपासाला आलेल्या आयपीएस अधिकाऱ्याच्या हातावर मुंबई महापालिकेने क्वारंटाइनचा शिक्का मारला, तेव्हा आपण तरी कुठे वेगळे वागलो?

७. ‘इतक्या अटी पाळत बसलो तर आरोपी पळेल,’ असं पोलीस म्हणतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आखून दिलेली पद्धत याला उत्तर आहे: वरिष्ठांची परवानगी, कारणांची नोंद, स्थानिक ठाण्यात वर्दी. परवानगी फोनवरही चालते. यातलं काहीही अर्ध्या तासाच्या वर जाणारं नाही.

८. नागरिकाच्या बाजूने ट्रान्झिट जामीन आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या ‘टूलकिट’ प्रकरणात बीडच्या एका तरुणाला औरंगाबाद खंडपीठाने दहा दिवसांचं संरक्षण दिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रिया इंदोरिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं की गुन्हा परराज्यात नोंदलेला असला, तरी इथलं उच्च किंवा सत्र न्यायालय मर्यादित मुदतीचा अटकपूर्व जामीन देऊ शकतं. मात्र त्यासाठी अटकेची कुणकुण आधी लागावी लागते आणि वकील हाताशी असावा लागतो. पहाटे दार वाजतं त्याच्यापाशी दोन्ही नसतं.

९. म्हणून मागणी दंडाधिकाऱ्याकडे. विमानाने २४ तासांत पोचतो म्हणून रिमांड नको, ही सबब ऐकू नये. राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदात प्रवासाचा वेळ वगळला आहे तो अडचण म्हणून, पळवाट म्हणून नव्हे. रिमांडच्या वेळी वाचता येईल असा कागद आणि आरोपीचा वकील समोर हवा. आणि पुढच्या तारखांचं काय? जामीन झाल्यावरही इचलकरंजीच्या माणसाने दर तारखेला कोलकात्याला जायचं ते स्वतःच्या पैशाने. संहितेचं कलम ५३० आता इलेक्ट्रॉनिक सुनावणीला मुभा देतं. साक्ष-पुराव्याविना निव्वळ हजेरीच्या तारखा जिल्हा न्यायालयातल्या पडद्यावरून घ्याव्यात, असा आदेश उच्च न्यायालयांनी आपापल्या नियमांत घालायला हवा.